कामाच्या वेळेत घाम आढळला नाही

दिनांक ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

मी तुझा थोरला भाऊ, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, काच कारखान्याच्या हजेरी विभागाचा प्रमुख, हे पत्र तुला तुझ्या आणि तुझ्या दोन्ही मुलींच्या प्रकृतीसंबंधी काही माहिती कळवण्यासाठी लिहीत आहे. सख्ख्या भावाला ओळख करून देण्याची गरज नसते, हे मला समजते. परंतु गेल्या सत्तावीस वर्षांत आपण एकमेकांशी एकदाच बोललो, आई गेली तेव्हा. मी विचारले, "गाडी किती वाजता आहे?" तू म्हणालास, "सव्वाचारला." त्यामुळे कोण लिहीत आहे आणि कशासाठी, हे आरंभीच असलेले बरे. पत्र फाडायचे असेल तर पुढचा परिच्छेद वाचून मग फाड. कामाचे तेवढ्यात आहे.

ताईच्या मुलाला फॅब्री नावाचा आजार असल्याचे निदान झाले आहे. हा आजार जन्मापासून असतो आणि घराण्यातून येतो. आपल्याकडे तो आईकडून आला. आईच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी होती. ताईला तो आहे, सौम्य स्वरूपात. मला नाही. तुला तो असावा असे त्याच्या डॉक्टरीणबाईंना जवळजवळ खात्रीने वाटते. तुला न पाहता त्यांना असे का वाटते, ते पुढे येईल. तुला असेल तर तुझ्या दोन्ही मुलींना असणारच. बापाकडून मुलींकडे तो चुकत नाही, आणि मुलगे असते तर त्यांच्याकडे मुळीच गेला नसता. तुझी चाचणी रक्ताच्या काही थेंबांवर होते. मुलींची जनुकाची चाचणी करावी लागते, कारण साध्या चाचणीत त्यांचे रक्त निर्दोष दिसू शकते. डॉक्टरीणबाईंचे माहितीपत्रक आणि त्यांच्या सहीची चिठ्ठी सोबत आहे. हे तुला कळवण्यास काहीसा विलंब झाला.

येथपर्यंत वाचलेस तर आभारी आहे. आता येथील हालहवाल.

"आम्ही सर्व खुशाल आहोत" असे लिहिण्याची पद्धत आहे. आम्ही खुशाल नाही, दमलो आहोत. ताई त्रेपन्न वर्षांची आहे आणि जिना चढताना मध्ये दोनदा थांबते. "जिना वाढलाय," असे म्हणते. मेहुणे गेल्यापासून ती आणि मुलगा माझ्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. भाचा आता सव्वीस वर्षांचा आहे, बेकरीत कामाला आहे आणि जिभेला हाड नसण्याच्या बाबतीत थेट आईवर गेला आहे.

बेकरीत तो भट्टीपाशी दोनदा चक्कर येऊन पडला. तेव्हा मालकाने त्याला पाव पोचवण्याच्या गाडीवर घ्यायचे ठरवले. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात, म्हणून तो कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने यंत्रातून पाहिले, मग काच पुसून पुन्हा पाहिले.

"तुमच्या बुबुळावर भोवरा आहे."

"पण मला दिसतंय ना नीट?"

"तुम्हाला दिसतंय हो. पण मला जे दिसतंय, ते मी आत्तापर्यंत फक्त पुस्तकात पाहिलं होतं."

हा चष्मेवाला वर्गात लक्ष देणारा विद्यार्थी असला पाहिजे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर मधोमध एकत्र येणाऱ्या त्या फिकट रेषा म्हणजे या आजाराची खूण असते. नजरेला त्यांचा काहीही त्रास नसतो. त्याने चिठ्ठी दिली, आणि तीन ठिकाणे फिरून आम्ही आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसलो.

त्यांनी समजावले ते मला चटकन कळले, कारण ते कारखान्यासारखेच आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत टाकाऊ माल फोडून बाहेर काढण्याची एक जागा असते. तेथे काम करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, या लोकांत जन्मतः नसते किंवा अगदी नावापुरते असते. त्यामुळे एका प्रकारची चरबी फुटत नाही, साठत राहते. आवक चालू, जावक बंद. ही साठवण वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आधी तळव्यांची आग होते आणि घाम बंद होतो. नंतर मूत्रपिंडे, हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या. आपले मामा त्रेचाळिसाव्या वर्षी अंगावर सूज येऊन गेले ते यानेच, असे आता मानावे लागते. आपण सगळे म्हणत होतो की त्यांनी औषधे वेळेवर घेतली नाहीत. औषधे कसली होती, हे कोणी विचारले नव्हते.

मग त्यांनी आपल्या घराण्याचा तक्ता काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आईचा गोल काढताना ताई म्हणाली, "तिचे हात जळायचे. फरशीवर तळवे टेकून बसायची. आम्हाला वाटायचं, विसावा घेतेय."

"घरात आणखी कुणाला घाम येत नाही, असं आहे?" बाईंनी विचारले.

ताई हसली. "आमचा धाकटा! तो तर त्याबद्दल प्रसिद्धच होता. सावल्या म्हणायचे त्याला. जिथे सावली तिथे हा. कामचुकार."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले. "कामचुकार कोण म्हणालं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी तक्त्याकडे पाहत होतो. तुझा चौकोन तोपर्यंत कोरा होता.

सावल्या हे नाव मी ठेवले होते, हे तुला ठाऊक आहे. वडिलांचे वाक्यही तुला पाठ असेल: घाम गाळल्याशिवाय घास गिळू नये. त्या घरात ज्याला घाम येत नाही त्याने ताटावर बसायचे तरी कसे? मी हे आज लिहितो आहे. तेव्हा मी तुझ्याच पंगतीला बसून, तुझ्या ताटाकडे पाहून तेच वाक्य म्हणत असे, आणि वडील मान डोलावत.

आता ते टिपण. त्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तुला कारखान्यात मीच चिकटवले होते, आणि मीच काढले. तेव्हा मी हजेरी विभागात दुय्यम होतो, तीस वर्षांचा, आणि आपला भाऊ म्हणून सवलत दिली असे कोणी म्हणू नये याची मला फार काळजी होती. भट्टीचा मुकादम रोज टोमणे मारायचा. "तुमचा भाऊ म्हणजे चित्रातला कामगार आहे, साहेब. संध्याकाळपर्यंत इस्त्री मोडत नाही." मी तीन महिने तुझ्यावर नजर ठेवली आणि अकरा नोंदी केल्या. डॉक्टरीणबाईंकडून परतल्यावर मी जुन्या कपाटातून ती फाइल काढली. कागद पिवळा पडला आहे, अक्षर माझेच आहे. दोन नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

"दि. ४, दुपारी २.१०. सदर कामगार पाण्याच्या टाकीजवळ, दोन्ही पाय बादलीत. विचारले असता 'तळव्यांना आग लागली आहे' असे उत्तर. तळवे पाहिले, लालीही नाही."

"दि. १९, दुपारी ३.०५. शेजारील चारही कामगार घामाने चिंब. सदर कामगाराचा सदरा पूर्ण कोरडा. कामाच्या वेळेत घाम आढळला नाही. सबब काम केलेले नाही."

हे टिपण मी डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "निदानाच्या इतक्या आधीच्या लक्षणांची तारीख-वेळेसकट नोंद मी आजवर पाहिली नाही. कुणी केली ही?"

मी म्हणालो, "मी."

"निरीक्षण अगदी अचूक आहे," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर अचूकपणाचा अभिमान बाळगला. त्या अकरा नोंदींत एकही चूक नाही. चूक फक्त "सबब" या एका शब्दापासून पुढे आहे. तू घर सोडलेस त्या सकाळी दाराशी मला म्हणालास, "दादा, नोंदी चांगल्या ठेवतोस. एकदा कपाळाला हात लावून बघायचा होतास." घाम न येणाऱ्याचे अंग उन्हात आणि भट्टीपाशी तापून निघते, हे मला या वर्षी कळले. मी प्रत्येक नोंद दहा फुटांवरून केली होती.

त्या टिपणाची प्रत सोबत जोडली आहे. ती तुला टोचावी म्हणून नव्हे. हे औषध मंजूर करणारी जी समिती असते, ती लक्षणे केव्हापासून आहेत याचा पुरावा मागते, आणि तुझ्यासाठी याहून जुना पुरावा कोणाकडेही नाही.

उपचाराविषयी. जे विकर शरीरात नाही ते बाहेरून शिरेतून देतात, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. भाच्याला आता वर्ष होत आले. दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत जातो. तेथे सहा खुर्च्या आहेत, मागे रेलता येणाऱ्या. औषध थंड पेटीतून येते. परिचारिका कुपी हलवत नाही, हातात धरून हळूच कलंडवते, कारण फेस झाला तर ते वाया जाते. पहिल्या चार वेळा त्याला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा त्यांनी थेंबांचा वेग कमी केला आणि आधी एक गोळी सुरू केली. आता साधारण तीन तासांत आटोपते. तो परिचारिकेला "मावशी, आज जरा गाडी पळवा" म्हणतो आणि ती त्याला "ब्रेक माझ्या हातात आहे" म्हणते. ताई शेजारी बसून काहीतरी उसवते किंवा शिवते. मी वर्तमानपत्र वाचतो, म्हणजे धरतो.

याने आजार जात नाही. साठवण कमी होते आणि पुढची हानी मंदावते. मूत्रपिंडाचा जो भाग निकामी झाला तो परत येत नाही. म्हणून सुरुवात कधी होते याला महत्त्व आहे. हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून उच्चारले होते, कारण नातेवाइकांना कळवण्याची जबाबदारी मी घेतली होती. ताईला लिहायचा कंटाळा, आणि तुझा पत्ता माझ्यापाशी होता. आईच्या वेळी तू तो चिठ्ठीवर लिहून ठेवला होतास.

सातव्या महिन्यात एक दिवस ताई भर दुपारी कारखान्याच्या दाराशी आली. चपला वेगवेगळ्या. मला वाटले, संपले सगळे. तिच्या हातात रुमाल होता.

"दादा, घाम आला त्याला! ट्रे उचलत होता, आणि इथे, ओठावर, थेंब! बेकरीवाला ओरडला, मला बोलावणं पाठवलं. बघ, ओला आहे अजून."

पहारेकरी आमच्याकडे पाहत राहिला. एक बाई रुमाल फडकावते आहे आणि हजेरी विभागाचा प्रमुख तो बोटांनी चाचपून पाहतो आहे. रुमाल खरोखरच ओला होता.

"धाकट्याला कळव," ताई म्हणाली. "आता तरी येईल तो."

"कळवतो," मी म्हणालो.

येथे मला थांबावे लागेल. हात दुखतो आहे असे लिहिणार होतो. तो दुखत नाही.

वर मी "काहीसा विलंब" असे लिहिले आहे. निदान होऊन चौदा महिने झाले. त्याच आठवड्यात मी तुला पत्र लिहायला बसलो होतो, आणि पहिल्याच परिच्छेदात ते टिपण आले. ते वगळून लिहिले तर डॉक्टरांना तुझी खात्री का वाटते, हे सांगता येईना. ते घालून लिहिले तर पत्र पुढे सरकेना. मी तो कागद बाजूला ठेवला. माझ्या विभागात एका दिवसाच्या उशिराला मी लेखी खुलासा मागतो. पंधरा दिवसांनी ताईने विचारले, "कळवलंस का त्याला?" मी म्हणालो, "कळवलं." पुढच्या महिन्यात तिने विचारले, "उत्तर?" मी म्हणालो, "नाही."

उत्तर आले नव्हते, हे खरे होते.

तेव्हापासून ताई तुला बोल लावते आहे. "भाच्याचं ऐकूनसुद्धा चार ओळी लिहवत नाहीत. असा कसा रे दगड झाला तो?" प्रत्येक मंगळवारी हे होते आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटतो. तुझ्यावर दुसऱ्यांदा खोटा ठपका आला, तोही माझ्यामुळेच, आणि या वेळी चुकीचे अनुमान काढल्याची सबबही माझ्याजवळ नाही.

तुझी मूत्रपिंडे आज कशी आहेत, मला ठाऊक नाही. तुझ्या थोरलीला परीक्षेच्या दिवसांत हातांची आग होते का, हेही ठाऊक नाही. मी तिला एकदाच पाहिले, ती तुझ्या खांद्यावर झोपली होती. चौदा महिन्यांत औषधाचे तिसाच्या आसपास मंगळवार होतात. त्यांतले किती तुला मिळू शकले असते, ते डॉक्टर सांगतील, मी अंदाज करणार नाही.

गेल्या मंगळवारी ताई म्हणाली, "त्याचा पत्ता दे. मी जाते आणि तोंडावर विचारते त्याला." मी म्हणालो, "शोधून देतो." पत्ता माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. तो मी कधी शोधलेला नाही, कारण तो कधी हरवला नव्हता.

दिनांक ११ फेब्रुवारी

वरील पत्र आठ दिवस टेबलाच्या खणात होते. आता ते पुरे करतो.

आज मंगळवार. औषधाची सुई लागल्यानंतर, परिचारिका दुसऱ्या खुर्चीकडे गेल्यावर, मी ताईला सांगितले. तयारी करून गेलो होतो, तरी वाक्य नीट झाले नाही.

"ताई, मी त्याला पत्र पाठवलंच नाही." लहान बहिणीला मी ताई म्हणतो, तुझ्यामुळे लागलेली सवय.

ती मुलाच्या सदऱ्याचे बटण लावत होती. दोरा तोंडातच राहिला. "परत सांग."

मी परत सांगितले. टिपणासकट.

"वर्षभर मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "या खुर्चीवर बसून. आणि तू ऐकत होतास."

"हो."

"तुझी हजेरी कोण लावतं रे, दादा?"

भाचा डोळे मिटून पडला होता, मला वाटले झोपला आहे. तो म्हणाला, "मामा, मी मध्ये पडलो असतो, पण मला इथे बांधून ठेवलंय." थोड्या वेळाने त्यानेच मोकळा हात लांब करून पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. माझ्या कपाळाला घाम आला होता.

ताईने बटण पुरे लावले, दोरा तोडला आणि म्हणाली, "पत्र लिहिलंयस म्हणतोस ना? दे इकडे. टपालपेटीचं नाव काढू नकोस." मी म्हणालो, शेवटचा भाग लिहायचा आहे. तिने घड्याळ पाहिले. "अर्धा तास."

म्हणून हे रुग्णालयाच्या खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन लिहितो आहे. अक्षर माझे नेहमीचे नाही.

हे पत्र तुला टपालाने मिळणार नाही. शनिवारी सकाळी ताई ते घेऊन तुझ्या दारात उभी राहील. तिला जिना चढायला वेळ लागतो. तुझे घर वरच्या मजल्यावर असेल तर खाली उतर. ती आधी तुझ्यावर रागावण्याची माफी मागेल आणि मग रागावेलच, कारण ती ताई आहे. तिच्याबरोबर सोमवारी चाचणीला जा. मुलींना घेऊन जा. मला कळवू नकोस. निकाल डॉक्टरीणबाईंना कळव, म्हणजे त्या तुझ्या कोऱ्या चौकोनात काय भरायचे ते भरतील. मी तेथे विचारणार नाही. तू बोलावलेस तर मी येईन, आणि दहा फुटांवर उभा राहणार नाही.

क्षमा मागण्यासाठी हे पत्र नाही. ती मागितली की तुला उत्तर द्यावे लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकण्याचा मला अधिकार नाही.

ताई हात पुढे करून उभी आहे.

विलंबास सर्वस्वी जबाबदार,
तुझा थोरला भाऊ
(सही)

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारी १२.४०